मिशिगनातला राब

लावणीला म्हणून बोलावलेली माणसं आग बघायला जमत होती, आणि शशिकांतराव पडवीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर रस्त्याकडे पाठ करून बसले होते. कुणाचीही गाडी आली तरी उठायचं नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. आता ह्या वयात माणूस असा तोंड फिरवून बसला की घरच्यांना वाटतं, रुसला. पण रुसायला त्यांच्याकडे काही कारण उरलं नव्हतं. तोंड कसं दाखवायचं, एवढाच प्रश्न होता.

बेत केवढा मोठा होता! मेमोरियल डेच्या वीकएंडला सगळ्या घोसाळकरांनी मिशिगनच्या शेतावर जमायचं, लेकीच्या, निधीच्या, नव्या खाचरात पहिली भातलावणी करायची, चिखलात मनसोक्त लोळायचं. सुहासिनीनं, म्हणजे शशिकांतरावांच्या धाकट्या बहिणीनं, शॉमबर्गहून निघताना गाडीच्या डिकीत दोन नऊवाऱ्या टाकल्या होत्या. एक स्वतःसाठी, एक वहिनीसाठी. आग लागल्याचं तिला ठाऊक होतं, पण विझली असंही तिला फोनवर सांगितलं होतं. आता ती नाकाला ओढणी लावून अंगणात उभी होती.

"दादा, अरे हा वास कसला? ओल्या गोवऱ्या जळल्यासारखा?"

"मक जळतेय."

"विझली म्हणालास ना?"

"वरून विझली होती," शशिकांतराव म्हणाले, पाठ न वळवता.

वरून विझली होती. खाली चालूच होती. शेताच्या वरच्या कोपऱ्यात जमिनीतून इथं-तिथं धुराच्या बारीक रेघा निघत होत्या. ज्वाळा नाही, आवाज नाही. तिथं पाय टाकायची सोय नव्हती, कारण वरचा पापुद्रा शाबूत असला तरी खाली कुठं पोकळ निखारा झालाय, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. गावच्या फायर डिपार्टमेंटचे लोक बंब घेऊन आले, पाणी मारून मारून दमले. एका जागी विझवावी, तर आठवड्याभरानं दहा पावलं पलीकडे धूर. दोनदा तर सकाळच्या धुक्यात धूर मिसळून हायवे बंद करावा लागला होता.

मक म्हणजे इथली काळी माती. दलदलीत हजारो वर्षं गवत, पाला, शेवाळ पडत गेलं, पाण्याखाली अर्धवट कुजलं आणि साचत राहिलं, त्याची माती. डच लोकांनी इथं येऊन चर खणले, पाणी काढून टाकलं आणि त्या काळ्या लोण्यात कांदे लावले. पंचवीसएक वर्षांपूर्वी नेपरव्हिलचे बाकीचे मराठी लोक लेकच्या काठी कॉन्डो घेत होते, तेव्हा आमच्या शशिकांतरावांनी ही चाळीस एकर दलदल घेतली. मातीत हात घातला तर कोपरापर्यंत गेला म्हणे, आणि तिथंच व्यवहार ठरला. इंजिनिअर माणूस! पण रोह्याजवळच्या खाचरांत वाढलेला. ओल्या मातीपुढं त्याची अक्कल चालेनाशी होते, असं शुभा, त्यांची बायको, तेव्हापासून म्हणत आली होती.

जमीन ग्लेन नावाच्या कांदेवाल्याला कसायला दिली होती. ह्या घराच्या पडवीला घेतलं तेव्हा दोन पायऱ्या होत्या. मग दर काही वर्षांनी खाली आणखी एक बांधावी लागे. शुभाला वाटायचं, पाया उचलला जातोय. थंडीत बर्फ होतं, त्यानं होत असेल. खरं काय ते निधीनं येऊन सांगितलं. निधी म्हणजे त्यांची धाकटी, मातीचंच शिक्षण घेतलेली. "आई, घर तिथंच आहे. जमीन खाली चाललीय. पाणी काढलं की हवा आत जाते आणि माती कुजून हवेत उडून जाते. अजून तीस-चाळीस वर्षांनी इथं फक्त चिकणमाती उरेल. नथिंग एल्स."

उपाय? पाणी परत चढवायचं. आणि ज्याला पायात पाणी आवडतं असं पीक घ्यायचं. घोसाळकरांच्या घरात असं पीक कोणतं, ते सांगायला नको. भात हा शब्द लेकीच्या तोंडून ऐकला, तेव्हा शशिकांतरावांना उठून बाथरूममध्ये जावं लागलं होतं. पुरुषमाणसानं रडायचं तरी कुठं?

पण चर एकट्याचा नव्हता. पाच शेतकऱ्यांची शेतं एकाच चरावर होती. एकानं पाणी अडवलं की चौघांकडे चढणार. निधीनं युनिव्हर्सिटीची नोकरी सोडली आणि तीन वर्षं त्या चौघांच्या स्वयंपाकघरांत बसून काढली. त्यांच्या चर्चच्या पॅनकेक ब्रेकफास्टला गेली, त्यांच्या नातवंडांच्या बेसबॉलच्या मॅचेस बघितल्या. तेव्हा कुठं ते तयार झाले: ह्या उन्हाळ्यात, एकदाच, करून बघू. जमलं तर पुढं सगळ्यांनीच. आणि ती इथं राहणार की नाही, कायमची, हे सगळं त्या एका उन्हाळ्यावर अवलंबून होतं.

आणि एप्रिलच्या शेवटी शशिकांतरावांनी राब भाजला.

निधी दोन दिवस लॅन्सिंगला मीटिंगला गेली होती. तिला परत आल्यावर चकित करायचं, असं त्यांच्या मनात आलं. वरच्या कोरड्या कोपऱ्यात त्यांनी मेपलचा पाला पसरला, त्यावर शेजारच्या गोठ्यातलं वाळकं शेण, त्यावर गवत, वरून मातीचा हात. वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावली, आई लावायची तशी. जमीन भाजून निघते, तण मरतं, राखेवर रोपं कशी तरारून येतात! काम झक्क झालं होतं. राख पांढरीशुभ्र, सारखी. फोटो काढून त्यांनी निधीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'राब तयार आहे.'

कोकणात राबाखाली माती असते. इथं राबाखाली काय आहे, हे त्यांना लेकीनं तीन वर्षं रोज सांगितलं होतं. ऐकलंही होतं त्यांनी. पण माती कधी जळते का? हे त्यांच्या हातांना माहीत नव्हतं. आणि माणूस ऐन वेळी हातांचंच ऐकतो.

यतीन पडवीत येऊन उभा राहिला. मोठा मुलगा, आयटीत मॅनेजर, काहीही बोलण्यापूर्वी खोकून घेणारा. तो खोकला.

"बाबा, मी तुम्हाला ब्लेम करत नाहीये. ओके? पण लायबिलिटी बघा ना. उद्या हायवेवर धुरात गाड्या एकमेकींवर आपटल्या, तर? टर्फवाल्यांचा माणूस परत फोन करत होता. ॲज इज घेतो म्हणतोय. आगीसकट."

"घेऊन काय करणार ते?"

"लॉन लावतील. चर अजून खोल करतील, गवत वाढवतील, वळकट्या करून विकतील. तो त्यांचा बिझनेस आहे."

"आणि त्या वळकटीबरोबर मातीचा थर जातो, ते?"

"जाऊ दे ना यार, बाबा! नाहीतरी जळतेच आहे."

सुहासिनीनं ओढणी नाकावरून काढली. यतीन तिचा लाडका. त्याच्या मुंजीपासून ती त्याच्या बाजूनं. कुठल्याही भांडणात आत्या कुणाकडे, हे विचारायची गरज पडत नसे. पण आज ती उलटी फिरली. "ए शहाण्या, विकायची भाषा कसली करतोस? चूक झाली दादाची. झाली ना? अरे, राब मीसुद्धा भाजला असता. त्याच्या हातात काडी नसती तर मी पुढं केली असती. भाजल्याशिवाय रोपांसाठी दाढ पेरायची असते, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नाही."

"आत्या, ट्रेमध्ये रोपं तयार होती. निधीला राबाची गरजच नव्हती."

"ते मला नको सांगू. मला दादाचं कळतं."

शशिकांतरावांना बरं वाटायला हवं होतं. उलट ते आणखी आकसले. कुणी तरी आपली बाजू घ्यावी आणि ती बाजू इतकी फाटकी असावी, हे फार वाईट.

आतून शुभा चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं सगळ्यांना कप दिले, साखर विचारली, आणि मग रिकामा ट्रे छातीशी धरून म्हणाली, "विकून टाका."



"अगं, तू म्हणतेस?" शशिकांतराव पहिल्यांदाच वळले.

"मीच म्हणते. ह्या जमिनीबद्दल कधी वेडंवाकडं बोलले का मी? बोलले असेन, पण मनातून नाही. तुम्हाला आवडते म्हणून मीही इथं येऊन लोणची घातली, पायऱ्या मोजल्या. पण माझी लेक तीन आठवडे गाडीत झोपतेय त्या चराच्या काठाला. धूर कुठं निघतो ते बघत. पहाटे खोकत खोकत आत येते, आणि मी काढा देते तर म्हणते, 'आई, आय ॲम फाइन.' फाइन म्हणे! तिचं तोंड बघितलंत का तुम्ही? तुम्ही तर तिच्यासमोर येतच नाही."

"वहिनी, असं नको बोलूस गं त्याला," सुहासिनी म्हणाली.

"वन्सं, तुम्ही संध्याकाळी शॉमबर्गला जाल. मी इथं राहणार आहे."

हे शुभा सुहासिनीला चाळीस वर्षांत कधी बोलली नव्हती. सुहासिनीचा चेहरा उतरला आणि ती गुपचूप चहा प्यायली. यतीन आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बघता बघता घर असं दोन्हीकडे वाटलं गेलं, आणि मधल्या पायरीवर कुणीच नव्हतं.

"निधी ठरवेल," शशिकांतराव म्हणाले.

"आता?" यतीननं हे खोकल्याशिवाय म्हटलं. "आता निधी ठरवेल? काडी लावताना का नाही ठरवू दिलंत तिला?"

त्याला स्वतःलाच ते जास्त झालंसं वाटलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "सॉरी, बाबा." पण बोललेलं बोलून झालं होतं. शशिकांतरावांनी कप पायरीवर ठेवला. त्यांना वाटलं, मुलानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात ग्लेनचा पिकअप अंगणात शिरला. त्यातून निधी उतरली. काजळीनं कपाळ काळं, गमबुटांना राख, डोळे लाल. सगळ्यांना वाटलं, आता ही यतीनवर तुटून पडणार. लहानपणापासून दोघांचं कधी पटलं नाही. पण तिनं यतीनच्या हातातला कप घेतला, उरलेला चहा एका घोटात पिऊन टाकला आणि पायरीवर टेकली.

"चर्चमध्ये मीटिंग झाली. फायर चीफ म्हणाले, दोनच ऑप्शन्स. एक तर बर्फ पडेपर्यंत जळू द्यायचं. नाही तर उघाडी बंद करून सगळं शेत पाण्याखाली घालायचं. दे व्होटेड. फळ्या घालायला हो म्हणाले."

उघाडी म्हणजे चराच्या तोंडाची लाकडी फळ्यांची दारं. नाव अर्थातच शशिकांतरावांनी दिलेलं, गावच्या खाडीच्या बांधावरून आणलेलं. आता ग्लेनसुद्धा 'उगाडी' म्हणायचा.

शशिकांतराव ताडकन उठले. "हो म्हणाले? सगळे? अगं, मग झालंच की! ह्याच्यासाठीच तर तू तीन वर्षं... पाणी चढलं म्हणजे भात—"

"बाबा." निधीनं कप पायरीवर ठेवला. "दहा दिवस. आग विझेपर्यंत. मग फळ्या काढायच्या आणि परत कधी घालायच्या नाहीत. आपलं ॲग्रीमेंट त्यांनी कॅन्सल केलं. ह्या वर्षीचं, पुढचं, सगळं."

"पण का? आग तर कोरड्या कोपऱ्यात लागली! ओलं ठेवलं असतं तर लागलीच नसती, हे सांगितलं नाहीस?"

"सांगितलं."

ग्लेनला मराठी कळत नव्हतं, पण कॅन्सल कळलं. त्यानं टोपी काढली आणि इंग्रजीत म्हणाला, की लोक घाबरलेत. नवा प्रयोग ज्यांच्या शेतात, आग त्यांच्याच शेतात, एवढंच त्यांना दिसतं. पुढचं कुणी ऐकून घेत नाही. शशिकांतरावांनी त्याच्या कांद्यांचं विचारलं. खालच्या अंगाचे सगळे बुडणार होते, तो म्हणाला, आणि माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं तर त्यानं हातानंच थांबवलं. "माझ्या बार्नच्या मागं ते तळं आहे ना, बदकं बसतात ते? तिथं शेत होतं, शशी. माझ्या वडिलांनी चराच्या काठचं गवत जाळलं होतं." एवढं बोलून तो पिकअपमधून फळ्या उतरवू लागला.

यतीन म्हणाला, "मग टर्फवाल्यांना मी—"

"काही सांगू नकोस," निधी म्हणाली. "ग्लेन कांदे लावेल. माती असेपर्यंत. आई, प्लीज, रडू नको. दादा, तू आणि आत्या वरच्या बाजूला उभे राहा, कुठं वाफ निघते ते बघा. पापुद्र्यावर पाय टाकू नका. बाबा, तुम्ही चला माझ्याबरोबर."

दोघं चराच्या काठानं चालत गेले. प्लॅस्टिकच्या शेडमध्ये भाताच्या रोपांचे ट्रे एकावर एक रचलेले दिसत होते. शेंडे पिवळे पडायला लागले होते. शशिकांतरावांनी तिकडं बघितलं नाही.

उघाडीपाशी निधी गुडघाभर पाण्यात उतरली. ते वरून फळी देत, ती खाचेत बसवी आणि टाचेनं दाबी. पाणी आधी थबकलं, मग फिरलं, मग चराच्या भिंतींवर हळूहळू चढायला लागलं. दूर कोपऱ्यातून एक लांब फुस्स असा आवाज आला आणि पांढरी वाफ उठली. सुहासिनी तिकडून ओरडली, "निघाली गं, निघाली!"

"मॅडिसनच्या युनिव्हर्सिटीतली नोकरी मी घेतलीय," निधी खाली वाकलेली असतानाच म्हणाली. "काल हो सांगितलं त्यांना."

"मी परत एकेकाच्या घरी जातो. हात जोडून सांगतो, माझी चूक आहे, पोरीची नाही."

"तुम्ही गेला होतात. ग्लेननं सांगितलं. चारही घरी."

"कॉफी दिली त्यांनी. चांगली माणसं आहेत."

"आहेतच." ती सरळ झाली, मनगटानं कपाळ पुसलं, काजळी आणखी पसरली. "फोटो आला तेव्हा मी प्रेझेंटेशन देत होते. बघितला आणि मला कळलं. आय जस्ट न्यू. तिथून निघाले ती थेट गाडी हाणत आले, आणि तुम्ही अंगणात उभे. इतके खूश! मला तेव्हा काही बोलताच आलं नाही."

"मला वाटलं, तुला आवडेल."

"ट्रेना पाणी तर तुम्हीच घालत होतात रोज. मग राब कशाला, बाबा?"

शशिकांतरावांनी हातातली फळी काठावर टेकवली. "राबावरची रोपं वेगळी असतात," ते म्हणाले. "दांडगी. मला वाटलं, अर्धी तरी आपल्या पद्धतीनं व्हावीत. तुला दाखवावं. तू सगळं शिकलीस, पण हे काही कुठल्या युनिव्हर्सिटीत शिकवत नाहीत."

"मला नेहमी तुम्ही दाखवत आलात. लावणीची ओळ कशी धरायची, चिखल पायाला कसा लागला पाहिजे. आय लव्ह्ड इट. पण तीन वर्षांत तुम्ही मला एकदाही काही विचारलं नाहीत. एकदाही नाही. 'निधी, इथं राब भाजू का?' एवढंच. मी नाही म्हटलं असतं." तिचा आवाज फाटला. "पण बाबा, तुम्ही विचारलं म्हणून मला किती आनंद झाला असता!"

पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. शशिकांतराव काठावर उकिडवे बसले. त्यांना सांगायचं होतं, की त्यांच्या वडिलांनी त्यांना काही विचारलं नव्हतं, आजोबांनी वडिलांना नाही; शेतात थोरल्यानं धाकट्याला विचारायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पण हे सांगणं म्हणजे पुन्हा सांगणंच झालं. जाऊ नकोस, असं म्हणावंसं वाटलं. ते तर हुकूम केल्यासारखं झालं असतं. मग काहीही न सांगता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीला नुसतं विचारलं.

"कधी निघणार?"

"आग विझली की," निधी म्हणाली.

ती लवकर विझू दे म्हणून शशिकांतरावांनी तीन आठवडे देव पाण्यात घातले होते. आता देवाजवळ काय मागावं, ते त्यांना कळेना. शेवटची फळी जड होती. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं निधीनं.